पर्थ ते पिळगांव, बत्तीस तास

पिळगांव, डिचोली
१८ ऑगस्ट २०२४

चि. साईश,
अनेक आशीर्वाद.

मोबाईल असताना बाबांना पत्र कसलं सुचलं, असं तुला वाटेल. सुविधा इब्रामपूरहून माहेरी आली की तिच्या फोनवर तुझं तोंड दाखवते. तू हात हलवतोस, मीही हलवतो. पण एकोणतीस वर्षं खाणीवर क्रशरशेजारी उभं राहून माझे कान गेले, ते गेलेच. समोर बसून कुणी बोललं तर ओठ बघून कळतं. फोनात तुझे ओठ बोटभरसुद्धा नसतात. तू पाच मिनिटं बोलतोस आणि तुझी आई मला वळून सांगते, "म्हणतो, जेवलो." माझ्या वाट्याला तुझं नुसतं जेवण येतं. म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंतचं मराठी अजून हातात आहे, ते चालवून घे.

आईनंच एक विचारायला सांगितलंय. मोपाचा विमानतळ झाल्यापासून दुपारी एखादं विमान आपल्या माडांवरून जातं. काल जनेलातून बाहेर बघत बसली होती, ते विमान बघून म्हणाली, "साईशाक थंयच्यान हांगा येवपाक कितलो वेळ लागता?" मी म्हटलं, एक दिवस लागत असेल. तर म्हणाली, "असेल नको. नीट विचारून घे."

तेवढं कळव. बाकी आई बरी आहे. देवळाची चढण चढताना दम लागतो, पण वय झालं की लागायचाच. तुझ्यासाठी साळ गावची एक मुलगी बघून ठेवलीय तिनं, फोटो सुविधा पाठवेल.

तुझा,
बाबा

*

पर्थ
८ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र यायला एकवीस दिवस लागले. पाकिटावरचा पत्ता मी दोनदा वाचला. दहावीच्या प्रगतिपुस्तकावर सही केली होती तुम्ही, त्यानंतर तुमचं अक्षर मी बघितलंच नव्हतं.

आईला नीट सांगा. मी पर्थला राहतो म्हणतो, पण दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा पर्थला असा हिशेब असतो. खाण इथून विमानानं दोन तासांवर, सगळं वाळवंट. माती मात्र आपल्यासारखीच लाल. पहिल्या दिवशी डंपरमधून उतरलो आणि बूट बघून मला डिचोलीत आल्यासारखं वाटलं.

तर खाणीवरून पर्थ दोन तास. पर्थहून सिंगापूर साडेपाच. तिथून मुंबई साडेपाच. मुंबई ते मोपा सव्वा तास. मोपाहून आपल्या भिकाजीची टॅक्सी, एक तास. म्हणजे प्रवास पंधरा-सोळा तासांचाच, पण प्रत्येक ठिकाणी पुढच्या विमानासाठी बसून राहावं लागतं. सगळं धरून बत्तीस तास. नकाशावर सरळ रेघ मारली तर पर्थ ते गोवा सात हजार किलोमीटरसुद्धा नाही. सरळ विमान असतं तर नऊ तासांत आलो असतो, पण तसं विमान नाही.

आईनं का विचारलं? बाबा, तुम्ही काही लपवत असाल तर लपवू नका. मी एकुलता मुलगा आहे. मला एक शब्द द्या. कधी काही कमीजास्त झालं तर बत्तीस तास माझ्यासाठी थांबायचं. जास्त नको, बत्तीसच. तेवढ्यात मी कुठूनही पोचतो.

मुलगी मला आत्ताच नको, असं आईला सांगा. फोटो बघितला. चांगली आहे.

तुमचा,
साईश

*

पिळगांव
५ ऑक्टोबर २०२४

चि. साईश,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं तासांचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे त्याला येण्यापेक्षा थांबणंच जास्त."

गणपतीची चवथ नीट झाली. मूर्तीवर फळांची माटोळी बांधायला सुविधाचा नवरा आला होता. आईनं नेवऱ्या केल्या, पण उभं न राहता, कदेलावर बसून. तुझ्या नावाच्या चार वेगळ्या काढल्या आणि शेवटी भिकाजीच्या पोरांना दिल्या.

तू शब्द मागितलास, तो मी दिला. थांबू. पण एक गोष्ट तुला सांगून ठेवतो. तुझा नारायण मामा वारला तेव्हा त्याचा मुलगा कुवेतहून येईपर्यंत त्याला तीन दिवस शवागारात ठेवला होता. घरी आणल्यावर आईनं त्याच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. संध्याकाळी म्हणाली, "माझं असं करू नका. म्हाका बर्फात दवरूं नाका." मी तेव्हा हो म्हणालो, नाही ठेवणार. तिचा भाऊ होता, त्या दुःखात बोलली असेल. असली बोलणी आत्ता कशाला? ती बरी आहे. तू डंपर सांभाळून चालव.

तुझा,
बाबा

*

पर्थ
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,
नमस्कार.

आई बरी आहे असं तुम्ही लिहिता आणि सुविधा सांगते की दिवाळीनंतर तिला चार दिवस म्हापशाला हॉस्पिटलात ठेवलं होतं. हृदय मोठं झालंय, छातीत पाणी साठतं, आणि हे जूनपासून ठाऊक आहे. मला सोडून सगळ्यांना. सुविधा म्हणते, आईनंच बजावलं होतं मला कळवू नका म्हणून. मी रजा टाकून धावत येईन आणि नोकरी जाईल, ही तिची भीती. २०१८ला खाणी बंद पडल्या तेव्हा आपण दोघे बापलेक एकाच दिवशी घरी बसलो होतो, ते ती विसरलेली नाही.

असो. आता ती घरी आलीय, जेवतेय, असं कळलं. व्हिडिओवर मला तजेलदार वाटली. फेब्रुवारीत मला पाच आठवड्यांची रजा आहे, तिकीट काढलंय. एक फेब्रुवारीला मी घरी. आईला सांगा, त्या साळच्या मुलीला बघायलासुद्धा येईन.

यापुढे मात्र लपवालपवी नको.

साईश

*

पर्थ
२३ फेब्रुवारी २०२५

बाबा,

घरी होतो तेव्हा मला बोलता आलं नाही. बोललो असतो तर ओरडलो असतो, आणि बाराव्यापर्यंत घरात माणसं होती. आता लिहितो.

तुम्ही शब्द दिला होता. तो कागद माझ्याकडे आहे. "थांबू" असं तुमच्या हातचं आहे त्यावर.

जानेवारीतल्या त्या सोमवारी मला निरोप मिळाला की आईचं जास्त झालंय. मंगळवारचं पहिलं विमान मिळालं, त्यानं सकाळी निघालो. पर्थला उतरलो तर सुविधाचा फोन, आई सकाळी सातला गेली. तिथल्या तिथे सुविधाला सांगितलं, उद्या अकरापर्यंत घरी येतो, थांबा. एकच रात्र थांबायचं होतं, बाबा. बत्तीस तासही नव्हते लागणार. सिंगापूरला उतरून फोन चालू केला तर सुविधाचा मेसेज. "दादा, पाच वाजता झालं. बाबा ऐकेनात."

पुढचे पंधरा तास मी कसे काढले ते तुम्हाला कळायचं नाही. विमानात शेजारी एक म्हातारी होती, पंजाबी. तिनं मला काही विचारलं नाही, फक्त तिचं ब्लँकेट माझ्या अंगावर घातलं. मी कुठे चाललो होतो? कशासाठी? घरी आलो तर अंगण झाडून काढलेलं होतं. मुलगा असून अग्नी बहिणीनं दिला, आणि मला हातात काय मिळालं, तर तिसऱ्या दिवशीची राख.

सगळे म्हणाले, आईचीच इच्छा होती, तिनंच शेवटी सांगितलं की ठेवू नका. असेल. पण मी येतोय हे तिला ठाऊक होतं ना?

साईश

*

पिळगांव
१६ मार्च २०२५

चि. साईश,

तुझं पत्र मिळालं. रागावलास ते बरोबर आहे.

बारा दिवस तू या घरात होतास आणि एकदाही माझ्याकडे तोंड करून बोलला नाहीस. भटजींशी बोललास, भिकाजीशी बोललास, माझ्यासमोर आलास की मान खाली. माझ्यासारख्याशी अबोला धरायला फार काही करावं लागत नाही, नुसतं तोंड फिरवलं की झालं. पण तेव्हाही मला राग आला नाही. वाटलं, याच्या जागी मी असतो तर घरातच आलो नसतो.

आता माझी बाजू. मी दोघांना शब्द दिला होता, तुला आणि तिला. दोन्ही पाळता येण्यासारखे नव्हते. तुझा मोडला तर तू रागावशील, मग कधीतरी निवळशील. तिचा मोडला असता तर ती येऊन मला काय बोलणार होती? जो बोलू शकतो त्याचा शब्द मी मोडला. सुविधा पाया पडली माझ्या, "बाबा, दादा येऊं दी." गावकरी म्हणाले, एका रात्रीचा प्रश्न आहे, बर्फाची शवपेटी आणतो. मी ऐकलं नाही. तिचं मन राखलं, एवढंच मला वाटत होतं.

अग्नी सुविधानं दिला, कारण तुझ्या चुलत भावाला मी देऊ दिला नाही. तुझी जागा मी दुसऱ्या कुणा पुरुषाला दिली नाही. हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

जेवत जा.

बाबा

*

पर्थ
६ एप्रिल २०२५

बाबा,

तुमचं पत्र वाचून राग कमी झाला होता. मग काल सुविधाशी बोललो. मी विचारलं, आई नक्की कसं म्हणाली, तू ऐकलंस ना? ती म्हणाली, मी नव्हते. त्या वेळी ती हॉस्पिटलात खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत तुम्ही एकटेच होता. ती वर येईपर्यंत आई गेली होती, आणि तुम्ही तिला सांगितलंत, "दवरूं नाका म्हणाली."

म्हणजे आईचं शेवटचं बोलणं तुमच्याशिवाय कुणीच ऐकलेलं नाही.

बाबा, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही ते ऐकलंत?

साईश

*

पिळगांव
४ मे २०२५

चि. साईश,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज लिहायला बसलो आणि उठलो. आज लिहितोच.

नाही. मी ऐकलं नाही.

तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सकाळी साडेसहाला सुविधा खाली गेली. तुझ्या आईनं मला हातानं जवळ बोलावलं आणि मास्क बाजूला केला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. चाळीस वर्षं बघतोय, दुसऱ्या कुणाच्या ओठांवरचं मला एवढं कळत नाही. पण त्या दिवशी तिचे ओठ सुकलेले, नीट हलत नव्हते. ती म्हणाली, "म्हाका दवरूं नाका." मला तसं दिसलं. मला ठेवू नका. नारायणाच्या वेळचं आठवलं, आणि मी मान हलवली. म्हटलं, नाही ठेवणार. तिनं माझा हात घट्ट धरला आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाटलं, समाधान झालं.

तू परत गेल्यावर एक दिवस दाढी करायला आरशापुढे बसलो होतो. का कोण जाणे, ते शब्द तोंडातल्या तोंडात म्हटले. दवरूं नाका. मग मनात आलं, ती "व्हरूं नाका" म्हणाली असली तर? मला नेऊ नका. इतक्यात नेऊ नका. तो यायचाय. मी आरशात दोन्ही म्हणून बघितले. पुन्हा पुन्हा म्हटले. पुता, ओठ सारखेच हलतात. त्यातला "द" दातांच्या मागे असतो. तो बाहेरून दिसत नाही.

आदल्या दिवशी सुविधानं तिला सांगितलं होतं की दादा निघतोय. तेव्हापासून ती दाराकडे बघत होती. हेही मी तुला लिहिलं नव्हतं.

मग ते डोळ्यांतलं पाणी कसलं होतं? ती थांबा म्हणत होती आणि मी मान हलवून, हसून, तिला सांगत होतो की नाही थांबणार? शेवटच्या घटकेला तिला माझ्याकडून हे मिळालं?

दोन वर्षं ती माझ्या मागे लागली होती, कानाला यंत्र बसवून घ्या म्हणून. म्हापशाला नेऊन मापही घ्यायला लावलं. मला लाज वाटली. बाजारात लोक बघतील म्हणून नको म्हणालो.

सुविधाला हे सांगितलेलं नाही. गावात सगळे म्हणतात, रघुनाथानं बायकोचं मन राखलं. ऐकू येत नाही ते बरं आहे, पण ओठांवर दिसतं. तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

तुला काय वाटेल ते लिही. लिहिलं नाहीस तरी समजेन.

बाबा

*

पर्थ
२९ मे २०२५

ती. बाबा,

आजवर खाणीवर कधी डंपर थांबवला नव्हता, तो तुमचं पत्र वाचल्यावर थांबवला. वायरलेसवर विचारत होते, सव्वीस नंबर, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली.

आता माझं ऐका. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

निरोप मला सोमवारी नव्हता मिळाला. रविवारी सकाळी मिळाला. सुविधानं लिहिलं होतं, "दादा, आईला परत ॲडमिट केलंय. या खेपेला बरं दिसत नाही. निघ." मी मुकादमाला दाखवलं. भला माणूस आहे. म्हणाला, दुपारच्या विमानात जागा आहे, आत्ता जा. मी बॅग भरली. आणि मग भरलेली बॅग खाटेखाली सारून दुपारी कामावर गेलो.

का? बाबा, मी हे शंभरदा स्वतःला विचारलंय. नोव्हेंबरात ती चार दिवसांत बरी होऊन आली होती. या वेळीही येईल असं वाटलं. पंधरा दिवसांची पाळी संपायला दोनच दिवस होते, ते पुरे करून निघू. पुढच्या महिन्यातली रजा आत्ता मोडली तर तेव्हा मिळणार नाही. असली कारणं होती. त्या वेळी ती मोठी वाटली. सुविधाला मी खोटंच कळवलं की रविवारच्या विमानात जागा नाही.

रविवारी निघालो असतो तर सोमवारी संध्याकाळी म्हापशाला तिच्या खाटेशी असतो. ती पूर्ण एक रात्र जिवंत होती. सकाळी साडेसहाला सुविधा खाली गेली असती आणि खोलीत तुम्ही आणि मी दोघे असतो. ती जे बोलली ते मी ऐकलं असतं. तुम्हाला आरशापुढे बसावं लागलं नसतं.

मी तुमच्यावर चिडलो, कारण तेवढं सोपं होतं. थांबला नाहीत म्हणून तुम्हाला बोललो. तुम्ही ती गेल्यावर थांबला नाहीत. मी ती असताना निघालो नाही.

ती काय म्हणाली ते आता कुणालाच कळणार नाही. "व्हरूं नाका" म्हणाली असेल तर तो माझा दोष आहे. तिला वाट बघायला मी लावली.

तुमच्या पाया पडतो.

साईश

*

पिळगांव
२२ जून २०२५

चि. साईश,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि कपाटात आईच्या लुगड्यांखाली ठेवलं. सुविधाच्या हाती लागणार नाही. तिला कळायची गरज नाही. तिच्या मनात दादा निघाला आणि पोचू शकला नाही, एवढंच आहे. ते तसंच राहू दे.

माझं मात्र मी तिला सांगितलं. परवा आली होती. जेवण झाल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसवलं आणि सगळं सांगितलं, आरशापर्यंत. ती रडली. मग पाटीवर लिहिलं, "मला तेव्हाच शंका आली होती." पाच महिने पोरीनं ते पोटात ठेवलं होतं, मला वाईट वाटेल म्हणून. आपल्या घरात प्रत्येकानं दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी दडवलं, आणि त्यात तुझी आई गेली.

तू लिहितोस दोष तुझा. मी म्हणतो माझा. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. तू रविवारी निघाला असतास तर भेटली असती. हो. मी एक रात्र थांबलो असतो तर तू तिचं तोंड बघितलं असतंस. हेही हो. दोन्ही आता तशीच राहणार. मला सत्तर पूर्ण झाली, मी थोडेच दिवस हे वागवणार. तुला फार वर्षं वागवायचंय, त्याची मला काळजी वाटते. त्या मुकादमाला एकदा सगळं सांग. भला माणूस आहे म्हणतोस. कुणाला तरी तोंडानं सांगितलंस की जरा हलकं होईल. मला सुविधाला सांगितल्यावर झालं.

दुसरी गोष्ट. काल सुविधाच्या समोर एक कागद लिहिला, भिकाजीची आणि सगुण मास्तरांची सही घेतली. माझ्या वेळी साईश आल्याशिवाय मला हलवायचं नाही. शवपेटीत ठेवा, बर्फात ठेवा, बत्तीस तास लागोत नाहीतर आठ दिवस. कुणी म्हणालं की म्हाताऱ्यानं शेवटी वेगळं सांगितलं, तर ऐकायचं नाही. सगुण मास्तर कागद वाचून म्हणाले, "रघुनाथा, असलं कोण लिहून ठेवतो?" मी म्हटलं, ज्याचा मुलगा लांब आहे तो.

ही सोय करून ठेवली. पण साईश, या कागदाच्या भरवशावर राहू नकोस. मी खातोपितो, माडांना पाणी घालतो, अजून सायकलीवरून डिचोलीच्या बाजारात जातो. रजा मिळेल तेव्हा ये. कारण नसताना ये. मी असताना ये.

तुझा,
बाबा